छातीचा फोटो आणि शंभरातला आकडा

छातीचा ‘फोटो’ काढायचा म्हटले की खेड्यातल्या माणसाचा पूर्वी अख्खा दिवस जायचा. एसटीने तालुक्याला जायचे, रांग धरायची, अंधाऱ्या खोलीत श्वास रोखून उभे राहायचे. फिल्म बघणारे डॉक्टर जागेवर असले तर ठीक, नाहीतर दोन दिवसांनी पुन्हा फेरी. आता हे काम शाळेच्या व्हरांड्यात किंवा समाजमंदिरात होऊ लागले आहे. तीन-चार किलो वजनाचे, बॅटरीवर चालणारे एक्स-रे यंत्र, पाठीमागे एक सपाट पाटी आणि शेजारी लॅपटॉप, एवढाच पसारा. फोटो निघाला की मिनिटा-दोन मिनिटांत पडद्यावरच्या फुप्फुसांवर तांबडे-पिवळे ठिपके उमटतात आणि बाजूला एक आकडा येतो. या छातीत क्षयरोगाचा संशय किती, याचे संगणकाने दिलेले ते गुण असतात.

७ डिसेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने ३४७ जिल्ह्यांत क्षयरोगाविरुद्ध शंभर दिवसांची मोहीम सुरू केली, तेव्हा हातात धरता येणारी ही यंत्रे आणि त्यांना जोडलेली कृत्रिम बुद्धिमत्ता तिच्या केंद्रस्थानी होती. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. २०२५ पर्यंत देश क्षयमुक्त करण्याचे उद्दिष्ट गाठता आलेले नाही. अशा वेळी रुग्ण लवकर शोधणारे कोणतेही साधन स्वागतार्हच आहे, आणि हे साधन खरोखर चांगले आहे. पण त्या पडद्यावरच्या आकड्याविषयी सार्वजनिक चर्चा मात्र जवळजवळ होत नाही. तो येतो कुठून, त्याची रेषा कोण आखतो आणि रेषेच्या वर गेलेल्या माणसाचे पुढे काय होते, हे प्रश्न तंत्रज्ञांवर सोडून देण्यासारखे नाहीत.

या यंत्राचे नवेपण नेमके कशात आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. रॉन्टजेन यांनी १८९५ साली क्ष-किरण शोधले. १९३६ मध्ये ब्राझीलच्या मॅन्युएल दि अब्रेउ यांनी छातीचे छोट्या आकाराचे, स्वस्त फोटो घाऊक प्रमाणावर काढण्याची पद्धत बसवली. पुढची तीस-चाळीस वर्षे युरोप-अमेरिकेत एक्स-रेच्या गाड्या गल्लोगल्ली फिरत होत्या. गरीब देशांना ते परवडणारे नव्हते. भारतात तर प्रश्नच वेगळ्या बाजूने विचारला गेला. बेंगळुरूच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेतले देबबर बॅनर्जी आणि स्टिग अँडरसन यांनी तुमकूर जिल्ह्यातल्या खेड्यांत जाऊन रुग्णांनाच विचारले की, तुम्हाला आजाराची जाणीव आहे का आणि असल्यास तुम्ही काय केलेत? १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातले उत्तर अनेकांना अनपेक्षित होते. बहुतेक रुग्णांना आपल्याला काहीतरी झाले आहे हे ठाऊक होते आणि निम्म्याहून अधिक जण सरकारी किंवा खासगी दवाखान्याची पायरी चढून आलेही होते. दवाखान्यातून मात्र ते खोकल्याची बाटली घेऊन परतले होते.

मग गाड्या कशाला फिरवायच्या? जो आपल्या पायाने दवाखान्यात येतो त्याची थुंकी तपासा, त्याला औषध द्या. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमाची मांडणी या विचारावर झाली. १९७४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट एक्स-रे तपासणी सोडून द्यावी असे सुचवले. साठच्या दशकातल्या त्या संशोधनाचे मोठेपण एवढ्यासाठी की त्यात यंत्राच्या आधी माणसाला काय जाणवते हे पाहिले गेले. आजच्या तंत्रज्ञानप्रेमी काळात तो अभ्यास पुन्हा काढून वाचायला हरकत नाही.

तरीही त्याच अभ्यासाला कवटाळून बसता येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षणाने चित्र पालटले. पंधरा वर्षांवरील दर एक लाख लोकांमागे ३१६ जणांना प्रयोगशाळेत सिद्ध झालेला फुप्फुसाचा क्षय आढळला. ज्यांना लक्षणे होती त्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक कुठेच गेले नव्हते. ‘खोकलाच तर आहे, होईल बरा’ असे म्हणून बहुतेकांनी तो अंगावर काढला होता. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, सर्वेक्षणात छातीचा एक्स-रे काढला नसता तर सापडलेल्या रुग्णांपैकी जवळपास ४३ टक्के रुग्ण निसटले असते. नुसत्या लक्षणांच्या विचारपुशीत ते हाती लागले नसते.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी बाजूला ठेवलेला एक्स-रे पुन्हा हवासा झाला. दरम्यान यंत्रे हलकी झाली होती, फिल्म जाऊन डिजिटल चित्रे आली होती. अडचण उरली होती ती फोटो वाचणाऱ्याची. रेडिओलॉजिस्ट शहरांत एकवटलेले, आणि एका शिबिरात शेकडो फोटो निघणार. ही जागा संगणकाने घेतली. लाखो एक्स-रे दाखवून शिकवलेली ही सॉफ्टवेअर आहेत. त्यांपैकी एक नेदरलँड्सचे, एक दक्षिण कोरियाचे आणि एक मुंबईतल्या क्युअर डॉट एआय या कंपनीचे. या तिन्हींची पडताळणी झाल्यावर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने पंधरा वर्षांवरील व्यक्तींच्या चाळणी तपासणीत माणसाऐवजी सॉफ्टवेअरने एक्स-रे वाचला तरी चालेल अशी शिफारस केली. त्याच वर्षी ढाक्यातल्या जवळपास २४ हजार लोकांच्या फोटोंवर झालेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पाच सॉफ्टवेअरची तुलना तिथल्या रेडिओलॉजिस्टांशी केली होती आणि पाचही सरस ठरली. तेव्हा ‘यंत्राला काय कळते’ हा आक्षेप आता टिकणारा नाही.

खरा मुद्दा वेगळा आहे. सॉफ्टवेअर ‘क्षय आहे’ किंवा ‘नाही’ असे सांगत नाही, ते फक्त गुण देते. किती गुणांच्या वर गेलेल्या माणसाला पुढच्या तपासणीला पाठवायचे, हे कार्यक्रम चालवणाऱ्यांनी ठरवायचे असते. अकरावीच्या प्रवेशामुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत पोचलेला शब्द वापरायचा तर, कटऑफ माणसे लावतात.

एक हिशेब करून पाहू. समजा, जोखमीच्या वस्तीत हजार जणांचे फोटो काढले आणि त्यांतल्या दहांना खरोखर क्षय आहे. अशा चाळणी चाचणीने शंभर रुग्णांतले किमान नव्वद पकडावेत आणि शंभर निरोग्यांतल्या किमान सत्तरांना मोकळे सोडावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. त्या मापाने दहांतले नऊ सापडतील. पण उरलेल्या ९९० निरोगी माणसांपैकी २९७ जणांवरही संशयाचा शिक्का बसेल. नऊ रुग्णांसाठी ३०६ जणांची थुंकी तपासावी लागेल. प्रयोगशाळेवर एवढा ताण नको म्हणून कटऑफ वर नेला, समजा इतका की निरोग्यांतले दहा टक्केच अडकतील, तर ही संख्या शंभराच्या आसपास येते. मात्र त्याबरोबर दहांतले तीन रुग्ण ‘सर्व ठीक’ म्हणून घरी जाऊ शकतात. ते घरात खोकत राहतील, आणि पुढच्या वेळी कुणी तपासायला बोलावले तर ‘मागेच फोटो काढला होता, काही निघाले नाही’ असे सांगतील.

यांतला कुठला पर्याय बरोबर, हे गणित सांगत नाही. जिल्ह्यात रेणवीय चाचणीची यंत्रे किती, त्यांच्या चिप किंवा कार्ट्रिज किती शिल्लक, थुंकीचे नमुने वाहून नेणारा माणूस आहे की नाही, यावर ते ठरायला हवे. या बाबतीत आपली परिस्थिती पूर्वीपेक्षा बरी आहे. गोव्यातल्या मोलबायो कंपनीचे ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवता येते आणि ते तासाभरात जंतूंचा छडा लावते. दुसऱ्या चिपवर रिफाम्पिसिन या औषधाला जंतू दाद देतील का, हेही कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये त्याला मान्यता दिली. पण चिप संपल्या तर हे यंत्र टेबलावरची पेटी होऊन राहते. मग एक्स-रेने संशय घेतलेली माणसे नुसती संशयितच राहतात. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली की जुन्या कटऑफचा अर्थही बदलतो. काल साठ गुणांना जे दिसत होते ते आज पन्नासला दिसू शकते. म्हणून दर आवृत्तीनंतर स्थानिक लोकसंख्येवर तो नव्याने तपासून घ्यावा लागतो. हे कंटाळवाणे काम आहे. त्याचे उद्घाटन होत नाही, फीतही कापली जात नाही.

आणखी एक गोष्ट अशी की, हा आकडा सर्वांना सारखा लागू पडत नाही. ढाक्याच्या अभ्यासात पाचही सॉफ्टवेअर वयस्कर लोकांत आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांत तुलनेने कमी पडली. कारण उघड आहे. बरा झालेला क्षय फुप्फुसावर व्रण ठेवून जातो आणि सॉफ्टवेअरला तो व्रण दिसतो. व्रण जुना की जखम ताजी, हे ओळखणे अनुभवी डॉक्टरलाही अनेकदा जमत नाही. खडी फोडणाऱ्या, दगडखाणीत राबणाऱ्या मजुरांच्या छातीत सिलिकोसिसचे डाग असतात. ते क्षयासारखे भासतात, आणि त्याच मजुरांना क्षयाचा धोकाही जास्त असतो. अशा माणसाला गुण जास्त पडले तर ‘चुकीचा संशय’ म्हणून सोडता येत नाही आणि ‘टीबी आहे’ म्हणून गोळ्याही सुरू करता येत नाहीत. त्याच्याशी बोलावेच लागते. आधी कधी उपचार घेतले होते, काम काय करता, किती वर्षे करता, हे प्रश्न फोटोत नसतात.

समाजाच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल मात्र वेगळ्याच ठिकाणी होतो आहे. तुमकूरच्या त्या काळात आजार आधी माणसाला जाणवायचा आणि डॉक्टरला नंतर कळायचा. आता अनेकांच्या बाबतीत तो आधी पडद्याला कळतो. समाजमंदिरात शेजाऱ्यांबरोबर फोटो काढायला आलेल्या रोजंदारीवरच्या माणसाला खोकला नाही, ताप नाही, सकाळी तो कामावर जाऊन आला आहे. त्याला सांगायचे, तुमची थुंकी तपासायची आहे. थुंकी तरी कुठून आणायची? खोकलाच नाही. नमुना मिळाला आणि जंतू सापडले तर पुढे किमान सहा महिने गोळ्या. पहिल्या काही आठवड्यांत मळमळते, लघवी नारिंगी होते, आणि बरे असलेले अंग औषधानेच बिघडल्यासारखे वाटते. ‘मला काही होत नाही, मग मी आजारी कसा?’ हा त्याचा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तो अगदी तर्कशुद्ध आहे, आणि त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.

हे उत्तर देण्याची जबाबदारी कोणावर पडते? सॉफ्टवेअरवर नक्कीच नाही. ती पडते आशा सेविकेवर आणि क्षयरोग विभागाच्या आरोग्य कर्मचाऱ्यावर. फोटो वाचायला मिनिट पुरते. निरोगी वाटणाऱ्या माणसाला रुग्ण होण्यासाठी राजी करायला चार-चार फेऱ्या लागतात. त्यातही घरात लग्नाची मुलगी असेल तर दारावर आशाताई वारंवार दिसणेदेखील कुटुंबाला नको असते. तपासणीचा वेग यंत्राने कित्येक पटींनी वाढवला, पण या फेऱ्यांसाठी माणसे त्या पटीत वाढलेली नाहीत. यंत्रामुळे मनुष्यबळ वाचते असे सादरीकरणांत सांगितले जाते. क्षयरोगाच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे. फोटो वाचणाऱ्याचे श्रम वाचतात आणि समजावणाऱ्याचे वाढतात. पहिल्याचे मोल बाजाराला ठाऊक आहे. दुसऱ्याचे मोल मानधनाच्या यादीत नीट दिसतही नाही.

शोधलेल्या रुग्णाला औषध मिळणे हे तर गृहीतच धरले जाते. ते धरता येत नाही. २०२४ च्या मार्चमध्ये क्षयरोगाच्या नेहमीच्या औषधांचा पुरवठा लांबला, तेव्हा केंद्राला राज्यांना ‘स्थानिक पातळीवर खरेदी करा’ असे कळवावे लागले होते. क्षयाच्या गोळ्या मध्येच तुटल्या तर जंतू निर्ढावतात आणि मग औषधांना दाद न देणारा क्षय उभा राहतो. मुंबईने तो पुष्कळ पाहिला आहे. जे रुग्ण आपल्या पायाने आले त्यांनाच गोळ्या पुरत नसतील, तर ज्यांना घरातून शोधून आणले त्यांच्याबाबतीत सरकारची जबाबदारी दुप्पट होते. ते स्वतःहून आले नव्हते, त्यांना बोलावले होते.

सॉफ्टवेअरच्या नजरेत न येणाऱ्या गोष्टीही आहेत. झारखंडमध्ये डॉ. अनुराग भार्गव, डॉ. माधवी भार्गव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८०० क्षयरुग्णांच्या घरांतल्या दहा हजारांहून अधिक माणसांना घेऊन एक प्रयोग केला. रुग्णांना शिधा सगळीकडेच दिला. पण निम्म्या गटांत घरातल्या इतरांनाही तांदूळ, डाळ असा शिधा आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ मध्ये निष्कर्ष आले. ज्या घरांतल्या सर्वांना शिधा मिळाला, तिथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सर्व प्रकारांत सुमारे ३९ टक्क्यांनी आणि संसर्गजन्य क्षयात ४८ टक्क्यांनी घटले. लसीच्या तोडीचा परिणाम डाळ-तांदळाने दाखवला. निक्षय पोषण योजनेत रुग्णाला मिळणारी मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली, हे योग्यच झाले.

घरांचेही तसेच आहे. मुंबईत गोवंडी-मानखुर्द परिसरातल्या पुनर्वसन वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये समोर आला. इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटर अंतर, खालच्या मजल्यांवर ऊन नाही, वारा नाही, अशा वसाहतींत क्षयरुग्ण जास्त आढळले, तर मोकळ्या बांधणीच्या वसाहतीत कमी. तिथल्या कुटुंबाचा फोटो काढून गुण देता येतील. पण उपचार पूर्ण करून माणूस त्याच खोलीत परतणार असेल, तर पुढच्या वर्षी त्याचा, नाहीतर त्याच्या भावाचा फोटो पुन्हा काढावा लागेल. एक्स-रे यंत्र विकत घेणे आरोग्य खात्याच्या हातात असते. दोन इमारतींमधले अंतर नगरविकास खात्याच्या हातात असते, आणि या दोन खात्यांची क्षयरोगाविषयी बैठक झाल्याचे फारसे ऐकिवात नाही.

मग यंत्रे नकोत का? असे म्हणणे आगाऊपणाचे ठरेल. निसटणारे ४३ टक्के रुग्ण शोधण्याचा दुसरा व्यवहार्य मार्ग आज तरी दिसत नाही. मागणी एवढीच असायला हवी की प्रत्येक जिल्ह्याने आपला कटऑफ किती आणि तो का, हे जाहीर करावे. शिबिरांचे यश किती फोटो काढले यावर न मोजता, संशय घेतलेल्यांपैकी किती जणांची पुढची चाचणी झाली आणि रुग्ण ठरलेल्यांपैकी किती जणांनी औषध पूर्ण केले, यावर मोजावे. आज बातम्यांत येतो तो फोटोंचा आकडा, कारण तो सर्वांत मोठा असतो. आणि ज्याचा फोटो काढला त्याच्या हातात त्याच्या भाषेत लिहिलेली एक चिठ्ठी द्यावी. यंत्राला काय दिसले, ते खात्रीचे आहे की नुसता संशय, आता कुठे जायचे, एवढे तिच्यात असले तरी पुरे. ‘७३’ हा आकडा कुणालाच काही सांगत नाही.

फुप्फुसाबाहेरचा क्षयही या चाळणीत सापडतोच असे नाही. मणक्याचा, गाठींचा, मेंदूच्या आवरणाचा क्षय असे प्रकार भारतातल्या नोंदलेल्या रुग्णांत जवळपास चतुर्थांश आहेत. लहान मुलांचे तर आणखी कठीण. २०२१ च्या शिफारशीने पंधरा वर्षांखालच्यांना वगळले, कारण सॉफ्टवेअर प्रामुख्याने मोठ्यांच्या छातीवर शिकलेली आहेत. शिवाय मुलांना थुंकी काढता येत नाही, त्यामुळे पुढच्या चाचणीतही ती अडतात. शिबिरात आईचा फोटो निघतो, तिला गुण मिळतात, आणि तिच्या कडेवरचे मूल तसेच घरी जाते. त्याच्यासाठी अजून जुनीच पद्धत चालते. वजन वाढते आहे का, ताप किती दिवसांचा, खेळायचे थांबले आहे का, घरात कुणाला टीबी आहे का, हे कुणीतरी बसून विचारायचे आणि उत्तर ऐकून घ्यायचे.